माईच्या प्रभावळीवरची निळी फीत

मी बोलतेय. अहो, तिच्या तोंडाकडे काय बघताय? ती बोलत नसते, तिच्यापुढे बाकीचे बोलतात. जरा मागे बघा, तिच्या पाठीशी. वर टोक, खाली टोक, मधे फुगीर, बदामासारखी. पत्त्यातला बदाम नव्हे हो, खायचा! तीच मी. माईची प्रभावळ.

मेक्सिकोच्या डोंगरात तेपेशिल्को नावाचं गाव आहे, तिथल्या चर्चमध्ये माझं सगळं आयुष्य गेलं. आमची माई, देवमातेची मूर्ती, गरोदर आहे. एक हात पोटावर ठेवून उभी आहे, कधीची. तिला सगळे वाट पाहणारी माय म्हणतात. नाताळच्या आधी आठवडाभर तिचा सण असतो. लोक येतात, गुडघे टेकतात, तिच्याकडे बघून रडतात. माझ्याकडे बघतात त्या फक्त पोटुशी बायका. का, ते सांगते. दम धरा.

मला मेलितोन नावाच्या सुतारानं बनवलं. तांबडं, वासाचं लाकूड होतं. त्यानं माझ्या कडेनं किरण लावले, एक सरळ, एक नागमोडी, पुन्हा एक सरळ. त्यावर तांबडी माती, मातीवर सोन्याचा वर्ख, आणि अकीकाच्या दगडानं घास घास घासलं. मी अशी चमकायला लागले की मेलितोनची कोंबडी मला बघून बिचकली.

पण मेलितोन होता घाईचा माणूस. सरस नीट शिजला नव्हता. मला माईमागे उभी केली आणि पहिल्याच आठवड्यात एक किरण लटकायला लागला. नवऱ्याची लाज जाईल म्हणून त्याची बायको धावत आली, केसांतली फीत सोडली आणि किरण बांधून टाकला. तेव्हा तिला सातवा चालू होता. पुढे तिचं बाळंतपण असं सोपं झालं, असं सोपं, की गावातल्या बायका म्हणाल्या, फितीचा गुण! झालं. सरस कच्चा राहिला आणि रीत पक्की झाली.

तेव्हापासून पोटातलं लेकरू हलायला लागलं की बाई येते, स्टुलावर चढते आणि माझ्या एका किरणाला फीत बांधते. लेकरू चाळीस दिवसांचं झालं की त्याला शालीत घालून आणते आणि गाठ सोडते. सोडायची कुणी? जिनं बांधली तिनं. नाहीतर ज्याच्यासाठी बांधली त्यानं. म्हणून लेकराची मूठ फितीला लावून ओढतात. तिसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. कात्री तर नाहीच नाही. फीत कापली म्हणजे जीव कापला.

आणि लेकरू राहिलं नाही, तरीही बाई येते. एकटी येते. ती गाठ सोडत असते तेव्हा चर्चमधल्या बाकीच्या बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. कुणी बोलत नाही. मी एवढी खोडकर, पण मीही गप असते.

आता माझा आकार असा का, यावर इथे जुना वाद आहे. पाद्रीबाबा महिन्यातून एकदा डोंगर चढून येतात, ते सांगतात की एक गोल स्वर्गाचा, एक पृथ्वीचा, दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे हा आकार होतो. बायका माना डोलवतात आणि शालीआड हसतात. त्यांना ठाऊक आहे हे कसलं दार आहे. पाद्रीबाबाही त्याच दारातनं आले, पण डोळे मिटून आले, त्यांना काय आठवणार!

खोड्या म्हणाल तर मी पुष्कळ केल्यात. सणाच्या मानकऱ्याची नवी टोपी उडवलीय. मिरवणुकीत कमानीला मुद्दाम अडकून बँडवाल्यांना तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवायला लावलंय. लाकडाला एवढी तरी मजा हवी की नको? पण आज सांगायचंय ते मजेचं नाही. माझ्या डाव्या अंगाला, खालून वर येताना, एक नागमोडी किरण आहे. त्यावर एक निळी फीत आहे. ती अजून सुटलेली नाही.

ती फीत ओब्दुलियानं बांधली. ओब्दुलिया विधवा. तमाल विकते, मक्याचं पीठ पानात गुंडाळून उकडते ते. तिला दोन लेकरं, धाकटी मुलगी चोना आणि थोरला रुतिलियो. दोघांच्या वेळी तिनं मला फीत बांधली होती आणि वेळेवर सोडलीही होती. रुतिलियोची मूठ मला आठवते. सोडेच ना! फीत तोंडात घातली होती त्यानं.

तो रुतिलियो सव्वीस वर्षांचा झाला आणि कामाला उत्तरेकडे, अमेरिकेला निघाला. सीमेवरच्या गावातनं त्याचा फोन आला. नवे बूट घेतले, म्हणाला, चावतायत जरा. एवढंच. पुन्हा फोन नाही, निरोप नाही, काही नाही. ओब्दुलिया त्याचा फोटो घेऊन तिकडे गेली. कचेऱ्यांतनं हिंडली. जिवंतांत नाही म्हणाले, मेलेल्यांतही नाही म्हणाले. मग आहे कुठे? ते काही कुणी सांगितलं नाही. हे सगळं मला तिच्याच तोंडून कळलं. ती माईला सांगत होती, मी पाठीमागे आहेच.

मग मृतांचा सण आला. त्या दिवशी घरोघर गेलेल्यांचे फोटो मांडतात, झेंडूची फुलं, मेणबत्त्या, गोड पाव ठेवतात, म्हणजे ते वाट चुकत नाहीत. चोनाची सासू पेर्पेतुआ झेंडू आणि पाव घेऊन ओब्दुलियाच्या दारात गेली. म्हणाली, "विहीणबाई, त्याचाही फोटो मांडा आता. पोरगं उपाशी भटकत असेल."

ओब्दुलियानं पाव घेतले, नीट बघितले आणि अंगणातल्या टर्कींना टाकले. "माझा पोरगा उपाशी असेल तर घरी येऊन जेवेल," म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी ती चर्चमध्ये आली. हातात निळी फीत, रुतिलियोच्या बाप्तिस्म्याच्या टोपीची. पदर खोचावा तशी शाल पोटावर बांधली आणि स्टूल ओढलं. चर्चची किल्ली फिदेन्सियोकडे असते. भला माणूस, पण जीभ आवरत नाही.

"अहो मावशी, ते पोटुशी बायकांचं आहे."

"मग? मी कोण आहे?"

"या वयात?" फिदेन्सियो हसला, मागच्या दोघीतिघीही हसल्या. "कितवा लागलाय?"

"सत्ताविसावा," ओब्दुलिया म्हणाली. "महिना नव्हे, वर्ष. परत पोटात घेतलाय मी त्याला. आला की सोडीन गाठ."

मग कुणी हसलं नाही. तिनं गाठ मारली. एकावर एक, एकावर एक, माझा किरण करकरला.

फीत राहिली. वर्षं गेली. तिच्या शेजारचा किरण रिकामा पडायला लागला. पोटुशी बायका यायच्या, निळी फीत बघायच्या आणि माझ्या उजव्या अंगाला जाऊन बांधायच्या. मी त्यांना दोष देत नाही. सुटत नाही त्या गाठीशेजारी आपल्या लेकराची गाठ कोण बांधील? पण सगळा भार एका अंगाला आला आणि मी जरा कलले. बघा, अजून कललेलीच आहे.

चोना दोनदा एकटी आली. दोनदा बायकांनी भिंतीकडे तोंडं फिरवली. दुसऱ्या वेळी गाठ सोडून झाल्यावर ती खाली उतरलीच नाही. स्टुलावर उभी राहून भावाच्या निळ्या फितीकडे बघत राहिली. त्या बघण्यानं माझा वर्ख थंड पडला.

तिसऱ्यांदा तिला दिवस गेले. पाचव्यातच अंगावरनं रक्त गेलं, सुईणीनं पाय वर करून झोपवलं. आणि नेमका माईचा सण आला.

सणाआधी मला खाली उतरवतात. बायका गोल बसतात आणि मऊ पावाच्या गोळ्यांनी माझ्यावरची काजळी टिपतात. गुदगुल्या होतात हो! वर्षातलं माझं सगळ्यात मोठं सुख ते. त्या वर्षी मागच्या खोलीत मला टेबलावर आडवी ठेवली होती. एका बाजूला ओब्दुलिया, समोर पेर्पेतुआ, इतर चारजणी. दुपारची वेळ. चोना उठायची नाही असं ठरलेलं, तरी आली, भिंतीला धरून.

"तू कशाला आलीस?" ओब्दुलिया उठली.

"बसू दे गं तिला," पेर्पेतुआ म्हणाली. "तिच्याच जिवाचं काम आहे. विहीणबाई, रागवा हवं तर, पण मी बोलणार. तुम्ही माईच्या दारात दोरी आडवी बांधून ठेवलीय. येणारं लेकरू यायचं कुठनं? दोन गेली. आता हेही..."

"लेकरं जातात ती तुमच्या घरात यायचं म्हणून," ओब्दुलिया म्हणाली. "नांदायला येतात, तुमचं तोंड बघतात आणि परत फिरतात."

"माझं तोंड! माझ्या तोंडानं सहा वाढवले!"

"हो, आणि त्यातले पाच ते तोंड चुकवून राजधानीला पळाले. एक बिचारा राहिला, तो माझा जावई."

बायका खाली बघून हसल्या. पेर्पेतुआ ताडकन उठली आणि तिथेच अडकली. शाल माझ्या नागमोडी किरणात गुंतली होती. जेवढी ओढेल तेवढी अडके. मी मुद्दाम केलं म्हणू नका. म्हणालात तरी चालेल.

तेवढ्यात चोना बोलली. मोठ्यानं नाही.

"आई, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. रुतिलियोला बूट हवे होते तेव्हाही माझे राहिले. आता मागते. सोड ती."

ओब्दुलियाच्या हातातला पावाचा गोळा चुरा होऊन पडला.

"तू त्याची वाट बघतेस," चोना म्हणाली, "सगळं गाव तुझ्याबरोबर बघतंय. माझी कोण बघतंय? माझ्या पोटातल्याची कोण बघतंय?"

पेर्पेतुआनं शाल हळूच सोडवली. ओब्दुलिया उठून निघून गेली. मला वाटलं, गेली, आता यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मला परत माईमागे उभी केलेली होती. ती स्टुलावर चढली. चोना खाली, पोट धरून. फिदेन्सियो मेणबत्त्या लावत होता.

ओब्दुलियानं गाठीला नख लावलं. पण गाठ आता गाठ राहिलीच नव्हती. इतक्या वर्षांचा धूप, मेण, धूळ, सगळं मुरून ती माझ्या लाकडासारखीच टणक झाली होती. आणि तिची बोटं! जन्मभर मका वाटून, गरम पानं गुंडाळून वाकडी झालेली. तिनं ओढलं. नख तुटलं. तिनं दुसरं लावलं. मग दातांनी धरली. दात तरी किती उरलेत तिला! मला वाटलं, फीत राहिली बाजूला, ही माझा किरणच खातेय. हसू आलं मला, आणि मग हसू कुठे गेलं कळलं नाही. कारण ती गाठ चावत होती आणि पुटपुटत होती, "थोडा वेळ, बाळा. थोडाच वेळ. तिची वेळ झाली की परत बांधते तुला."

फिदेन्सियोला बघवेना. वाती कापायची कात्री घेऊन आला. "मावशी, सरका. मी टोक तेवढं..."

"हात लावू नकोस!"

दोघी ओरडल्या. दोघी एकदम. आणि खरं सांगू? चोना जास्त मोठ्यानं ओरडली. तिला स्वतःलाच दचकायला झालं. फिदेन्सियोच्या हातातनं कात्री पडली.

चोना बराच वेळ त्या कात्रीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उतर, आई. राहू दे."

"सुटेल गं. तेल आणते जरा..."

"राहू दे म्हणतेय ना. उतर."

आई उतरली, लेक चढली. शालीतनं पिवळी फीत काढली आणि निळीला अगदी खेटून, त्याच किरणाला बांधली. लहानपणी दोघं एकाच चटईवर झोपायची, तो झोपेत लाथा मारायचा, हे गावाला ठाऊक आहे. गाठ मारताना ती हळूच म्हणाली, "सरक जरा, रुतिलियो."

ओब्दुलियानं शालीत तोंड घातलं.

पण माईसमोर रडलं की सगळं सुरळीत होतं, असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मी मागे उभी असते, मला ठाऊक आहे.

चोनाला कळा सुरू झाल्या त्या दिवस भरायच्या आधीच. इथे बाई अडली की चर्चची सगळी दारं उघडून ठेवतात. सकाळी उघडली, ऊन आत आलं, मधे आलं, सरकत माझ्या पायाशी आलं, आणि तरी फटाका वाजेना. लेकरू सुखरूप झालं की बाप अंगणात एक फटाका उडवतो, तेव्हा दारं लावायची. ओब्दुलिया लेकीपाशी होती. माईसमोर एकटी पेर्पेतुआ बसली होती. फिदेन्सियोही घंटेखाली पेंगत होता.

ती उठली. स्टूल ओढलं. मी ओळखलं ती कशाला चढतेय.

एरवी टोचलं असतं मी तिला. शाल धरली असती, फाडली असती. पण तिच्या डोळ्यांतनं पाणी घळाघळा वाहत होतं आणि ती मोठ्यानं म्हणत होती, "मला शिव्या दे, पोरा. दे. पण एका जिवाला तरी येऊ दे." तिची बोटं मजबूत. ओब्दुलियाला जमलं नाही ते तिच्या बोटांना जमलं. पहिला फेरा हलला. सैल झाला. सुटला.

आणि फटाका वाजला.

ती तशीच थांबली. मग धडपडत उतरली, स्टूल पाडलं आणि पळाली. मी ऐकलं नंतर, मुलगी झाली. निळी पडली होती, आवाज नव्हता, सुईणीनं पाठीवर मारलं, तोंडात फुंकलं, मग रडली. फटाका उडवणाऱ्या बापाला धीर नव्हता, त्यानं ती रडायच्या आधीच काडी लावली होती. म्हणजे आधी काय झालं? गाठ हलली, फटाका वाजला की पोरगी रडली? पेर्पेतुआला वाटतं तिनंच आणली पोरीला. तसं ती कुणाला सांगत नाही, पण मला बघितलं की मान खाली घालते. आणि मला वेगळीच काळजी खाते. त्या घटकेला तिकडे, कुठे असेल तिथे, त्या पोराच्या हातातनंही काही सुटलं असेल का? मला कोण सांगणार?

चाळिसाव्या दिवशी सगळे आले. चोना स्टुलावर चढली. मुलीची मूठ पिवळ्या फितीला लावली, ओढली, गाठ सळकन सुटली. खाली हशा, टाळ्या. तिनं मुलगी आईकडे दिली. ओब्दुलिया नातीला मेणबत्त्या दाखवायला वळली.

तेव्हा चोनाला दिसलं. निळ्या फितीचा वरचा फेरा सुटून लोंबत होता. आतली गाठ उघडी पडली होती. एक ओढ, फक्त एक ओढ बाकी होती, आणि चोनाची नखं तरुण आहेत.

तिनं वळून खाली बघितलं. पेर्पेतुआ जमिनीकडे बघत होती. तेवढ्यावरनं चोनाला सगळं कळलं. निळ्या फितीची दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली आणि अशी ओढली, अशी ओढली की माझा किरण पुन्हा करकरला. वरचा फेरा परत घातला. त्यावर आणखी एक.

"काय गं, राहिली काय तिथेच?" ओब्दुलियानं विचारलं.

"आले," चोना म्हणाली. "जाळं लागलं होतं, काढलं."

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही येणारीजाणारी माणसं. कुठे कुठे जाता. एखादा माणूस भेटला, चाळिशीकडे झुकलेला, झोपेत लाथा मारणारा, नव्या बुटांची तक्रार करणारा, तर त्याला माझा निरोप द्या.

अरे रुतिलियो, तुझी भाची आता चालते. माझं खालचं टोक धरून उभी राहायला शिकली, दोन ठिकाणी वर्ख उडवला तिनं. तुझी आई अजून दर रविवारी येते. स्टुलावर चढवत नाही तिला आता, खालनंच गाठीकडे बघते आणि पोटावर हात ठेवून माईसारखी उभी राहते. फीत पांढरी पडलीय, निळी आहे हे आम्हालाच माहीत. किरणात भुंगा शिरलाय. मी धरून आहे, पण किती झालं तरी लाकूड आहे मी.

तिच्या बोटांनी ती गाठ आता सुटायची नाही. चोना सोडणार नाही. राहिलास तू. ये. आणि एवढं ऐक माझं, येताना नखं कापून येऊ नकोस.